गच्चीचं पाणी किती पाइपांतून उतरेल?

घर बांधताना पावसाच्या पाइपाचा विचार बहुधा प्लंबरवर सोडला जातो. प्रत्यक्षात हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमतं. 900 चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण 84 चौरस मीटर. ताशी 100 मिलिमीटरची सर कोसळली, तर तासाला 8,400 लिटर पाणी खाली उतरायला हवं.

इथे वर्षाचा एकूण पाऊस धरू नका. महत्त्व असतं ते सरीच्या जोराला. राष्ट्रीय इमारत संहितेतल्या कोष्टकानुसार ताशी 100 मिलिमीटरच्या सरीत चार इंची पाइप सुमारे 42 चौरस मीटरचं पाणी वाहून नेतो. ताशी 150 मिलिमीटरला जेमतेम 28. म्हणजे वरच्या गच्चीला दोन पाइप काठोकाठ पुरतात, कोकणातल्या जास्त जोराच्या सरींना तीन हवेत. शेजारी जिन्याची उंच भिंत असेल, तर तिच्यावरून ओघळणारं पाणीही धरा.

पण पाइप मोठा असून भागत नाही. ढाळ शंभराला एक तरी हवा, तोंडाशी घुमटाकार जाळी हवी. सपाट जाळीवर पिंपळाची दोन पानं चिकटली तरी पाणी तुंबतं, आणि दहा सेंटिमीटर तुंबलेलं पाणी म्हणजे स्लॅबवर प्रत्येक चौरस मीटरला 100 किलोचा भार. म्हणून गच्ची लहान असली तरी तोंडं दोन ठेवा, शिवाय कठड्यातून बाहेर पडणारी एक जादा नळीही. स्लॅब ओतण्याआधीच तोंडांची आणि नळीची जागा ठेकेदाराकडून नकाशावर दाखवून घ्या.