जुनी सायकल पारखून घ्या

समजा, रोज पहाटे डेअरीला दूध घालायला दोन कोस चालावे लागते. सायकल असती तर निम्मा वेळ वाचला असता. पण नवी घ्यायला हातात पैसे नाहीत. अशा वेळी बाजारात एक जुनी सायकल दिसते. काळा चकचकीत रंग, नवी घंटी, किंमतही बेताची. मन म्हणते, घेऊन टाकू.

जरा थांबा! नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, अशी गत व्हायला नको. बैल घेताना आपण काय करतो? दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. सायकलही तशीच पारखावी. कशी, ते आता आपण पाहू.

आपल्याकडच्या काळ्या, उंच सायकलींची घडण इंग्लंडातून आली. तिकडे नॉटिंगहॅम गावी रॅले सायकली बनत. स्वातंत्र्यानंतर आपल्या देशातही मोठे कारखाने निघाले. मद्रासला हर्क्युलिस बनू लागली, सोनीपतला ॲटलस बनू लागली. १९५६ साली लुधियान्याला हीरो निघाली. नावे निराळी, पण घडण बहुतेक एकच. २८ इंची चाके, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि दांडीचे ब्रेक. ही घडण अजून चालू आहे, म्हणून हिचे सुटे भागही मिळतात. जुनी सायकल घेण्यात हाच मोठा फायदा.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेचे आटे बारीक असतात. पायडलांच्या आसाच्या वाट्यांना एका इंचात २६ आटे. इतर सायकलींना २४. म्हणून दुसरीची वाटी तिला बसत नाही. तिचे भाग शोधत हिंडावे लागते. ज्याला रोज कामावर जायचे, त्याने साधी, भाग मिळणारी सायकल बघावी.

आधी सांगाडा बघा

टायर बदलता येतो, साखळी बदलता येते. पण सांगाडा वाकला तर सायकलच गेली म्हणा. म्हणून पहिली नजर सांगाड्यावर टाका.

हँडलाखालच्या उभ्या नळीला मागून दोन नळ्या येऊन मिळतात. त्या सांध्यामागे, नळ्यांच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. तिथे सुरकुती किंवा फुगवटा लागला, रंग तडकलेला दिसला, तर समजा, ही सायकल कुठे तरी जोरात धडकली आहे. पुढचा चिमटाही बाजूने बघा. तो मागे रेटलेला दिसला तर सायकल घेऊ नका.

आता एक सुतळी घ्या. मागच्या चाकाच्या आसाजवळ एका बाजूला बांधा. तिथून ती पुढे न्या, हँडलाखालच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या बाजूने मागे आणून ताणून बांधा. मग सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळीचे अंतर मोजा. दोन्ही अंतरे सारखी भरली तर सांगाडा सरळ. कमीजास्त भरली तर वाकडा. एवढ्याशा सुतळीने केवढे पैसे वाचतात बघा!

गंज सगळाच वाईट नसतो. वरवरचा गंज तेल लावून चिंधीने घासला की जातो. पण नळी आतून खाल्लेली असेल, नखाने पापुद्रे निघत असतील, तर ती सायकल ओझे पेलणार नाही. सीटचा दांडा वरखाली होतो का, तेही बघा. तो गंजून नळीत अडकला असेल तर काढताना घाम फुटतो.

मग चाके आणि साखळी

चाक उचलून फिरवा. थोडे डोलत असेल तर हरकत नाही. मिस्त्री तारा ओढून चाकाची आऊट काढतो. रिम मात्र गंजून भोके पडलेली नसावी. दांडीच्या ब्रेकचे गट्टे रिमच्या आतल्या अंगाला, तारांच्या बाजूने दाबतात. म्हणून तिथला गंज नीट बघा. मागे दुधाचा कॅन आणि पुढे उतार, अशा वेळी ब्रेक लागला नाही तर दूध जाईल आणि हातपायही मोडतील.

साखळीच्या बारा इंचांत बरोबर चोवीस कड्या बसतात. पट्टीने मोजा. चोवीस कड्या बारा इंचांहून एक दोरा जास्त भरल्या, तर साखळी झिजली. दाते काट्यासारखे वाकडे झाले असतील तर दातेरी चाकही बदलावे लागेल.

कागदावर हिशेब मांडा

आता आपल्याला लिहिता येते. त्याचा उपयोग इथे करा. समजा, सायकल ७०० रुपये, टायर-ट्यूब ९००, साखळी आणि दातेरी चाके ५००, मिस्त्रीची मजुरी ४००. बेरीज झाली २५०० रुपये. हे आकडे नुसते उदाहरणाला घेतले. तुम्ही आपल्या बाजारातले भाव विचारून मांडा. बेरीज नव्या सायकलीच्या जवळ गेली, तर जुनी स्वस्त कसली? आणि रंग शेवटी. आधी ब्रेक, चाके, साखळी.

पावती घ्या

सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो. बहुधा सीटखालच्या सांध्यावर किंवा पायडलांच्या आसाखाली. तो स्वतः वाचा. नंबर कानसून काढलेला दिसला तर सायकल चोरीची असू शकते. तिथून उठा. सगळे ठीक असेल तर पावती करून घ्या. तीवर विकणाऱ्याचे नाव, गाव, नंबर, किंमत, तारीख आणि सही असावी. पावतीवरचा नंबर सांगाड्यावरच्या नंबराशी ताडून पाहा.

पूर्वी असल्या कागदावर आपण डोळे मिटून अंगठा उठवत होतो. आता तसे नको. आधी वाचा, मग पैसे मोजा.