विमान कंपनी बुडते, तेव्हा मागे काय उरते?

मुंबईत विमानतळालगत, विलेपार्ले येथे असलेली 'किंगफिशर हाउस' ही इमारत बँकांनी मार्च २०१६ मध्ये लिलावास काढली, तेव्हा राखीव किंमत १५० कोटी रुपये होती. एकही बोली आली नाही. लिलावामागून लिलाव फसत गेले आणि अखेर २०२१ मध्ये ती अवघ्या ५२ कोटींना विकली गेली. कंपनीच्या नावाची व बोधचिन्हाचीही तीच गत झाली. बँकांनी मोठ्या विश्वासाने तारण म्हणून स्वीकारलेल्या या 'ब्रँड'ला २०१६ मध्ये ३६६.७० कोटींच्या राखीव किमतीस गिऱ्हाईक मिळाले नाही. थकबाकी मात्र व्याजासह नऊ हजार कोटींच्या घरात गेली होती.

साखर कारखाना बंद पडला तरी जमीन आणि यंत्रसामग्री जागेवर राहते. विमान कंपनीचे तसे नाही. तिची बहुतेक विमाने भाडेपट्ट्याची असतात. विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या वेळा, म्हणजे 'स्लॉट', वाटून दिलेल्या असतात. परवाना सरकारचा असतो. उड्डाणे थांबताच हे सारे हातचे जाऊ लागते. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजने अमृतसरहून मुंबईकडे शेवटचे उड्डाण केले. त्यानंतर विमाने मालकांकडे परतली आणि स्लॉट प्रतिस्पर्ध्यांना मिळाले. पुनरुज्जीवनाची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, पण विमान काही उडाले नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा आदेश दिला.

जे थोडेफार उरते त्याच्या वाटपाचा क्रम दिवाळखोरी संहितेने ठरविला आहे. प्रथम प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेल्या बँका व कामगारांची २४ महिन्यांची देणी, त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे वेतन. आगाऊ तिकीट काढलेला प्रवासी जवळजवळ शेपटाला. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी या वाटपाबाहेर ठेवलेली आहे. तरीही ती मिळविण्यासाठी जेटच्या कर्मचाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले.

पडझडीची झळ शेजाऱ्यांनाही बसते. मे २०२३ मध्ये 'गो फर्स्ट'ने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिची भाड्याची विमाने जवळपास वर्षभर अडकून पडली. एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची नोंदणी रद्द करण्यास सांगितले तेव्हा मालकांची वाट मोकळी झाली. विमान परत मिळण्याची खात्री नसेल तर मालक भाडे वाढवून मागणार, आणि ते भरणार इतर कंपन्या, म्हणजे त्यांचे प्रवासी. ही भीती घालविण्यासाठीच २०२५ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला.

मग विलीनीकरण हा उपाय आहे काय? २००७ चा अनुभव उत्साहवर्धक नाही. त्या वर्षी जेटने १,४५० कोटींना 'सहारा' घेतली. किंगफिशरने डेक्कनमध्ये हिस्सा घेतला. परदेशी उड्डाणांसाठी लागणारी पाच वर्षांच्या सेवेची अट डेक्कनच्या वयामुळे लवकर पुरी होणार होती. दोघांनी तोटा आणि कर्ज विकत घेतले, असेच आज म्हणावे लागते. त्याच वर्षी एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या. दोन्हींच्या वेतनश्रेणींचा गुंता सोडविण्यासाठी पुढे धर्माधिकारी समिती नेमावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली, तेव्हा त्यांनी १५,३०० कोटींचे कर्ज उचलले. ४६ हजार कोटींहून अधिक कर्ज सरकारी कंपनीच्या माथी, पर्यायाने करदात्यांच्या, राहिले. स्वस्त तिकिटांचे कौतुक आपण साऱ्यांनीच केले. त्यातला तोटा असा दुसऱ्यांच्या खात्यावर चढत होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये 'विस्तारा'ही एअर इंडियात विलीन झाली. बुडालेल्या व विलीन झालेल्या कंपन्यांची जागा घेत इंडिगो एवढी वाढली की, २०२५ मध्ये तिचा आणि एअर इंडिया समूहाचा मिळून देशांतर्गत बाजारातील वाटा सुमारे नऊ दशांश होता. त्याचा अर्थ डिसेंबर २०२५ मध्ये कळला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, इंडिगोकडे पुरेसे वैमानिक नव्हते, काही दिवसांत हजारो उड्डाणे रद्द झाली आणि उरलेल्या तिकिटांचे दर कडाडले. अखेर भाड्याची मर्यादा सरकारला ठरवावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, दीड हजार किलोमीटरच्या पुढे १८,०००.