‘नको’ला बहुमत, ‘हवे’ला नाही!

सभेत ‘हे आम्हांला नको’ म्हणून हात वर करणे सोपे असते. ‘मग काय हवे?’ असे अध्यक्षांनी विचारले की मात्र माना खाली जातात. मंडळात, कर्मचारी संघटनेत, गृहनिर्माण सोसायटीत हा अनुभव कुणाला नाही? पण ज्या ब्रिटिश पार्लमेंटला साऱ्या संसदांची जननी म्हणतात, तेथेही नेमके हेच घडले. एक अख्खा देश तीन वर्षांहून अधिक काळ टांगणीला लागला. ‘ब्रेक्झिट’, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडणे, या प्रकरणाची ही कथा आमच्या वाचकांनी नीट समजून घ्यावी असे आम्हांला वाटते. कारण सभागृहाला निर्णय घेता आला नाही, तर त्याची किंमत सभागृहात बसलेल्यांना मोजावी लागत नाही.

एका ओळीचा प्रश्न

ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय समुदायात सामील झाला. १९७५ साली सार्वमत घेण्यात आले आणि ६७ टक्के मतदारांनी समुदायात राहण्याचा कौल दिला. तरीही हुजूर पक्षातला वाद विझला नाही. तो एकदाचा मिटावा म्हणून पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी २३ जून २०१६ रोजी पुन्हा सार्वमत घेतले. प्रश्न एका ओळीचा होता: युनियनमध्ये राहावे की बाहेर पडावे? ‘बाहेर’ म्हणणारे १ कोटी ७४ लाख, ‘राहा’ म्हणणारे १ कोटी ६१ लाख. टक्केवारी ५१.९ आणि ४८.१. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचा कौल मात्र राहण्याकडे होता. कॅमेरॉन यांनी राजीनामा दिला आणि थेरेसा मे पंतप्रधान झाल्या.

आम्ही कारकून माणसे. ठराव मंजूर झाला की त्याखाली अंमलबजावणीची टिप्पणी लागते, एवढे आम्हांला कळते. काम कोण करणार, केव्हा करणार, खर्च कुठे टाकणार? या ठरावाखाली अशी टिप्पणीच नव्हती. बाहेर पडायचे म्हणजे नॉर्वेसारखे युरोपच्या सामायिक बाजारपेठेत राहून पडायचे? की केवळ जकातीपुरता संघ ठेवून? की सगळेच दोर कापून? मतपत्रिकेने हे विचारलेच नव्हते. ‘बाहेर’वर शिक्का मारणाऱ्या प्रत्येकाच्या मनातले ‘बाहेर’ वेगळे होते.

असे असताना २९ मार्च २०१७ रोजी मे यांनी युनियनला सोडचिठ्ठीची नोटीस दिली. युनियनच्या तहातील कलम ५० प्रमाणे त्या दिवसापासून दोन वर्षांची मुदत सुरू झाली. या कलमातली मेख अशी की, मुदतीत करार झाला नाही आणि मुदतवाढही मिळाली नाही, तर देश आपोआप बाहेर पडतो. कुणी काही ठरवावे लागत नाही. न ठरवणे हाच निर्णय होऊन बसतो! पुढे सर्वांच्या छातीत धडकी भरवणारे ‘विनाकरार ब्रेक्झिट’ ते हेच.

त्यातच मे यांनी जून २०१७ मध्ये मुदतीआधीच निवडणूक घेतली आणि होते ते बहुमतही गमावले. उत्तर आयर्लंडमधील एका छोट्या पक्षाच्या १० खासदारांच्या टेकूवर त्यांचे सरकार उभे राहिले.

पाचशे किलोमीटरची अडचण

आयर्लंड बेटाचा मोठा भाग स्वतंत्र देश आहे आणि तो युनियनमध्ये आहे. उत्तरेचा तुकडा ब्रिटनमध्ये. दोहोंमधली सीमा सुमारे ५०० किलोमीटर. या तुकड्यात तीस वर्षे रक्त सांडले, सुमारे साडेतीन हजार माणसे मेली. १० एप्रिल १९९८ च्या ‘गुड फ्रायडे’ करारानंतर तेथे शांतता नांदू लागली आणि सीमेवरच्या लष्करी चौक्या हटल्या. आज शेतकरी, विद्यार्थी, परिचारिका ती रेषा रोज ओलांडतात. पण ब्रिटन जकात संघातून बाहेर पडला तर या रेषेवर माल तपासायचा कुणी आणि कुठे? पुन्हा चौकी आली तर पुन्हा बंदूक येईल, ही भीती पोकळ नव्हती.

यावर तोडगा म्हणून नोव्हेंबर २०१८ मध्ये झालेल्या ५८५ पानी करारात एक तरतूद घातली गेली. दुसरी व्यवस्था होईपर्यंत सारा ब्रिटन युनियनच्या जकात कक्षेत राहील, अशी ती हमी होती. तिचे नाव ‘बॅकस्टॉप’. कट्टर ब्रेक्झिटवाद्यांना हा गळफास वाटला. युनियनमध्ये राहू इच्छिणाऱ्यांना अख्खा करारच नको होता. मजूर पक्षाला वेगळा करार हवा होता. टेकू देणारा पक्षही उलटला.

मतांमागून मते

१५ जानेवारी २०१९ रोजी करार मतास पडला. बाजूने २०२, विरुद्ध ४३२. आधुनिक काळात ब्रिटनच्या कोणत्याही सरकारचा सभागृहात एवढा मोठा पराभव झाला नव्हता. मजा अशी की, दुसऱ्याच दिवशी अविश्वास ठराव आला आणि तो ३०६ विरुद्ध ३२५ असा फेटाळला गेला. म्हणजे करार नको, पण सरकार पाडणेही नको! १२ मार्चला करार दुसऱ्यांदा पडला, १४९ मतांनी. १३ मार्चला सभागृहाने ‘विनाकरार जाणेही नको’ असा ठराव ३२१ विरुद्ध २७८ ने केला. पण नुसत्या ठरावाने कायद्यातली तारीख हलत नाही.

तोच प्रस्ताव पुन्हापुन्हा मांडता येणार नाही, असे सभापती जॉन बर्को यांनी १८ मार्चला बजावले. त्यासाठी त्यांनी दाखला दिला तो थेट १६०४ सालच्या प्रथेचा. शेवटी २७ मार्चला खासदारांनी कामकाज स्वतःच्या हाती घेतले आणि आठ पर्यायांवर मतदान केले. आठही पर्याय पडले. १ एप्रिलला पुन्हा चार पर्याय घेतले. चारही पडले. जकात संघाचा पर्याय केवळ तीन मतांनी गेला, २७३ विरुद्ध २७६. मधल्या २९ मार्चला, म्हणजे मुळात ज्या दिवशी देश बाहेर पडायचा त्याच दिवशी, मे यांचा करार तिसऱ्यांदा ५८ मतांनी कोसळला.

प्रत्येक गट मनात म्हणत होता, ‘थोडे ताणून धरू, समोरचा भीतीने वाकेल.’ सगळेच ताणून धरणारे असल्यावर वाकायचे कुणी? ३ एप्रिलला विनाकरार टाळण्यासाठी मुदतवाढ मागायला लावणारे विधेयक ३१३ विरुद्ध ३१२, अवघ्या एका मताने कॉमन्स सभागृहात संमत झाले. युनियनने मुदत आधी १२ एप्रिलपर्यंत आणि मग ३१ ऑक्टोबर २०१९ पर्यंत वाढवली. थेरेसा मे यांनी पद सोडले. जुलैत बोरिस जॉन्सन आले ते ‘काहीही झाले तरी ३१ ऑक्टोबरला बाहेर’ असे म्हणत.

घाव कुणावर पडणार होता?

डोव्हर बंदरातून तेव्हा दिवसाला १० हजारांपर्यंत मालट्रक जात-येत. कागद तपासणी सुरू झाली तर रांगा किती लागतील याची रंगीत तालीम जानेवारी २०१९ मध्ये केंट परगण्यातील एका जुन्या विमानतळावर झाली. तिला ८९ ट्रक आले! जादा बोटींसाठी ज्या एका कंपनीला १ कोटी ३८ लाख पौंडांचे कंत्राट दिले, तिच्याकडे बोटीच नव्हत्या. पुढे ते रद्द करावे लागले. औषध कंपन्यांना नेहमीच्या साठ्याखेरीज सहा आठवड्यांचा जादा साठा करण्यास सांगितले गेले. ब्रिटनला लागणारे जवळजवळ सगळे इन्सुलिन बाहेरून येते. मधुमेही मुलाच्या आईला त्या काळात झोप कशी लागली असेल, याचा विचार आमच्या माता-भगिनींनी करून पाहावा.

सरकारने विनाकरार परिस्थितीचा अंदाज गुप्तपणे तयार केला होता. ‘यलोहॅमर’ हे एका लहानशा पिवळ्या पाखराचे नाव त्या कागदांना दिले होते. सभागृहाने हुकूम केल्यावर ११ सप्टेंबर २०१९ रोजी ते कागद उघड करावे लागले. ट्रक अडीच दिवसांपर्यंत अडकतील, खाडीवरची वाहतूक निम्म्यावर येऊ शकेल, ताजे अन्न कमी पडेल, असे त्यात होते. आणि आणखी एक गोष्ट होती: अन्न व इंधनाच्या भाववाढीचा फटका कमी उत्पन्नाच्या लोकांना इतरांहून अधिक बसेल. म्हणजे घाव कुणावर पडणार हे सरकारला ठाऊक होते! ज्याच्या घरात महिन्याचा किराणा भरलेला असतो तो रांग संपण्याची वाट पाहू शकतो. रोजचे आणून रोज खाणाऱ्याने काय करावे?

कामगारही यातून सुटले नाहीत. आपल्या मुंबईतील टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरने एप्रिल २०१९ मध्ये ब्रिटनमधील कारखाने नेहमीच्या सुटीपेक्षा एक आठवडा अधिक बंद ठेवायचे ठरवले, कारण २९ मार्चनंतर सुटे भाग वेळेवर येतील याची खात्री नव्हती. तारीख पुढे गेली, पण बंद ठरल्याप्रमाणेच पाळला गेला.

सभागृहाला कुलूप

जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीने सप्टेंबरात पार्लमेंटचे अधिवेशन पाच आठवड्यांसाठी संस्थगित केले. मुदत तोंडावर आली असताना सभागृहालाच कुलूप! त्याआधी घाईघाईने खासदारांनी कायदा केला की, १९ ऑक्टोबरपर्यंत करारास संमती मिळाली नाही तर पंतप्रधानांनी मुदतवाढ मागितलीच पाहिजे. त्या बाजूने मत दिले म्हणून हुजूर पक्षाच्या २१ खासदारांना पक्षाच्या संसदीय गटातून काढले गेले. त्यांत चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स हेही होते.

२४ सप्टेंबरला तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी एकमताने ही संस्थगिती बेकायदा ठरवली. राणीचे प्रतिनिधी जणू कोरा कागद घेऊन सभागृहात आले होते, असा न्यायाधीश लेडी हेल यांच्या निवेदनाचा आशय होता. ब्रिटनचे संविधान एका ग्रंथात लिहिलेले नाही. ते बरेचसे प्रथेवर आणि सत्ताधाऱ्याच्या लाजेवर चालते. आपल्याकडे संसदेच्या दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचे अंतर पडू नये हे अनुच्छेद ८५ मध्ये लिहून ठेवले आहे. लिहून ठेवण्याचे मोल अशा वेळी कळते.

पंतप्रधानांनी मुदतवाढीचे पत्र अखेर पाठवले, पण त्यावर सही केली नाही. ३१ ऑक्टोबरची तारीख घालून पाडलेली सुमारे दहा लाख पन्नास पेनींची नाणी वितळवावी लागली. १२ डिसेंबरच्या निवडणुकीत जॉन्सन यांना ८० चे बहुमत मिळाले आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला. आयर्लंडची अडचण? जकातीची रेषा जमिनीवरून उचलून समुद्रात, ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये ओढली गेली. त्या रेषेचे भांडण पुढे कित्येक वर्षे चालले. व्यापार कराराविना राहण्याचे भय तर २४ डिसेंबर २०२० रोजी, मुदत संपायला आठवडा उरला असताना टळले.

गोव्याची माणसे, गोव्याचा धडा

या तारखांच्या खेळात आपलीही माणसे होती. पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या गोवेकरांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व घेता येते. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर युरोपचे नागरिक म्हणून स्विंडन, साऊथॉल येथे जाऊन राहिले. सार्वमतात त्यांतील बहुतेकांना मत नव्हते. आणि एके दिवशी, वर्षानुवर्षे ज्या गावात राबलो त्याच गावात राहण्यासाठी अर्ज करा, असे त्यांना सांगण्यात आले. अर्जाला ६५ पौंड शुल्क ठेवले होते. ओरड झाल्यावर जानेवारी २०१९ मध्ये ते माफ झाले. अर्जाची अंतिम तारीख ३० जून २०२१ होती. ज्या आजीबाईंना संगणक येत नाही, ज्यांच्याकडे जुन्या पगाराच्या पावत्या नाहीत, त्यांच्यासाठी तारीख म्हणजे काय असते, हे रेशनकार्डासाठी आणि दाखल्यांसाठी खेटे घातलेल्या आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

याच गोव्याने १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल दिला होता. संसदेने त्यासाठी आधी कायदा केला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे तर फूल, केंद्रशासित राहायचे तर दोन पाने. दोन्ही वाटा कुठे जातात हे खेड्यातल्या मतदारालाही ठाऊक होते. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० तर विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. विलीनीकरणाचा आग्रह धरणारा भाऊसाहेब बांदोडकरांचा पक्ष हरला, त्याने कौल मानला आणि काही आठवड्यांतच विधानसभेची निवडणूक जिंकून तो पुन्हा सत्तेवर आला. प्रश्न स्पष्ट असेल तर हरणाऱ्यालाही उत्तर मान्य करता येते.

लोकांना विचारू नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. लोकांनाच विचारले पाहिजे. पण अर्धा प्रश्न विचारून पूर्ण उत्तराची जबाबदारी लोकांवर ढकलणे ही लोकशाही नव्हे. उद्या आपल्या वस्तीच्या पुनर्विकासाचा ठराव येईल, संघटनेत संपाचा ठराव येईल. हात वर करण्यापूर्वी उठून विचारा: हे नको, तर त्याऐवजी काय? मुदतीत ते ठरले नाही, तर आपोआप काय होईल? आणि त्या दिवशी कुणाच्या चुलीवर पाणी पडेल? या प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या, आणि मगच मत द्या.