नमुना दाखविण्यापूर्वी नोंदणी

मुंबईच्या झवेरी बाजारातील एखादी पेढी वर्षभर परिश्रम करून हाराचा नवा घाट सिद्ध करते. परदेशातील प्रदर्शनात तो मांडला जातो, ग्राहक वाखाणतात, मागणीही येते. पुढच्या हंगामात मात्र हुबेहूब तोच हार तेथील दुसऱ्या दुकानात कमी किमतीला दिसतो. पेढीचे मालक भारतातील नोंदणीचे प्रमाणपत्र पुढे करतात, तेव्हा या कागदाला येथे अंमल नाही, एवढेच उत्तर मिळते.

डिझाइनचा हक्क ज्या देशात नोंदला, त्या देशापुरताच असतो. भारताच्या २००० सालच्या डिझाइन कायद्याने आधी दहा आणि नूतनीकरणानंतर आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. मात्र ते देशाच्या सीमेत. परदेशी बाजारपेठेसाठी तेथे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

येथे पॅरिस कराराचा मोठा आधार आहे. भारत १९९८ पासून त्याचा सदस्य आहे. भारतात पहिला अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या सदस्य देशात अर्ज केल्यास, अग्रक्रमाच्या दाव्याने पहिल्या अर्जाचीच तारीख ग्राह्य धरली जाते. समजा, भारतातील अर्ज १० जानेवारीचा असेल, तर परदेशातील अर्ज १० जुलैपर्यंत दाखल व्हावयास हवा. मधल्या काळात प्रदर्शनात नमुना मांडला तरी त्यामुळे नावीन्य बाधित होत नाही.

क्रम उलटला, तर मात्र विचित्र परिस्थिती ओढवते. युरोपीय संघ आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणी स्वतःच डिझाइन प्रकट केल्यानंतरही बारा महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. भारतात अशी सर्वसाधारण सवलत नाही. प्रदर्शनासाठी निबंधकांना आगाऊ सूचना देण्यासारखे अपवाद सोडल्यास, जगात कोठेही आधी प्रकट झालेले डिझाइन येथे नोंदले जात नाही. म्हणजे परदेशातील हक्क मिळेल आणि घरचा जाईल!

प्रत्येक देशाची रीतही वेगळी. युरोपीय संघाच्या एका नोंदणीने सत्तावीस देश व्यापले जातात आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून ती पंचवीस वर्षांपर्यंत चालविता येते. परंतु तेथील कार्यालय नोंदणीच्या वेळी नावीन्य तपासत नाही. त्यामुळे प्रतिस्पर्धी पुढे ती रद्द करून घेऊ शकतो. अमेरिकेत मात्र नावीन्याची तपासणी होते आणि मंजुरीपासून पंधरा वर्षांचे डिझाइन पेटंट मिळते. ब्रिटन आता संघात नसल्याने लंडनच्या व्यापारासाठी निराळा अर्ज लागतो.

कौटुंबिक पेढ्यांनी आणखी एका बाबीकडे लक्ष द्यावे. भारतातील अर्ज वडिलांच्या नावे आणि परदेशातील अर्ज मुलांच्या कंपनीच्या नावे झाला, तर अग्रक्रमाचा दावा धोक्यात येतो. नाव बदलावयाचे असल्यास हक्क हस्तांतराचा लेख परदेशी अर्जापूर्वीच करून ठेवावा. घाट कारागिराने घडविला असेल, तर त्याच्याशीही लेखी करार असावा. अमेरिकेच्या अर्जात तर प्रत्यक्ष रचनाकाराचे नाव द्यावेच लागते.

सोन्याच्या प्रत्येक ग्रॅमची नोंद पेढीच्या वहीत असते. नव्या घाटाची नोंद मात्र माल विकला गेल्यावर आठवते. परदेशी ग्राहकाला छायाचित्र धाडण्यापूर्वी अर्जाची पावती हाती आली आहे ना, एवढे पाहण्याची शिस्त लागली, तरी पुष्कळ नुकसान टळेल.