पॉलिसी असिस्टंट म्हणजे कोण?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने तरुणांना उपयोगी पडेल असे काही लिहून द्यावे, असा आग्रह धरला. व्हाउचरे लिहिण्यात आणि सायंकाळी रोकड जुळविण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्याने तरुणांना काय सांगावे? हा पेच तिरोडा तालुक्यातील, आमच्या नात्यातल्या एका मुलीने सोडविला. ती एम.एस.डब्ल्यू. झालेली आहे. एका रविवारी ती जाहिरातीचा कागद घेऊन आमच्या घरी आली. सार्वजनिक आरोग्यावर काम करणारी स्वयंसेवी संस्था, पद 'पॉलिसी असिस्टंट', करार एक वर्षाचा. घरच्यांचे मत पडले होते की संस्थेची नोकरी ही काही नोकरी नव्हे. तिने विचारले, "काय करावं लागते जी काका यात?"

आम्हाला तेव्हा उत्तर देता आले नाही. नंतर चार जाणकारांना विचारून आणि थोडे वाचून जे समजले, ते येथे मांडीत आहोत.

दवाखान्यात डॉक्टर असतो, गावात आशाताई असते. परंतु औषध कोणत्या केंद्रात ठेवावे, तपासणी कोणाची करावी, सवलत कोणाला मिळावी, हे दवाखान्यात ठरत नाही. ते शासन निर्णयात, परिपत्रकात आणि कायद्याच्या कलमात ठरते. हे कागद वाचणे, गावातील परिस्थितीशी ताडून पाहणे, फरक आढळला तर त्याचे एक-दोन पानी टिपण करणे आणि ते योग्य टेबलावर पोहोचविणे, एवढे या पदाचे काम. कनिष्ठ माणसाच्या वाट्याला त्यातील कारकुनी येते. आकडे गोळा करणे, माहितीच्या अधिकाराचे अर्ज लिहिणे, बैठकीचे इतिवृत्त ठेवणे, आमदारांना विधानसभेत प्रश्न विचारता यावा म्हणून मुद्दे काढून देणे, आणि पाठपुरावा. पाठपुरावा हा शब्द साधा दिसतो, पण निम्मे काम तेच.

याचे महत्त्व आम्हाला कळले ते आमच्याच एका चुकीमुळे. आमच्या भाच्याला सिकलसेल आहे, 'एसएस' प्रकारचा. हा आजार आपल्या समाजाला नवा नाही. भारतात त्याची नोंद प्रथम 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत झाली आणि 1958 मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील नोंद 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणेच आपल्या वस्त्यांतही हा आजार किती घरांत आहे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. आई-वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल 'एसएस' होण्याची शक्यता 25 टक्के असते. थंडीत भाच्याचे सांधे धरले की तो रात्र रात्र कण्हतो आणि बहीण उशाशी बसून राहते.

2016 साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले आणि त्यांत सिकलसेल आला. त्यासाठी झटणाऱ्यांत नागपूरच्या सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाचे संपत रामटेके यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. 2018 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. वर्तमानपत्रात बातमी वाचून आम्ही बहिणीला छातीठोकपणे सांगितले होते, "आता पोराला नोकरीत आरक्षण मिळेल." पोराने मोठ्या उमेदीने प्रमाणपत्र काढले, 40 टक्क्यांची अट पूर्ण केली, आणि बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरायला बसला तर दिव्यांगांच्या रकान्यात त्याचा प्रकारच नव्हता!

कारण असे की, या कायद्यात शिक्षण व नोकरी यांची कलमे वेगळी आहेत. कलम 32 प्रमाणे उच्च शिक्षणात 5 टक्के जागा 40 टक्क्यांवरील सर्व प्रकारच्या दिव्यांगांना आहेत. कलम 34 मध्ये सरकारी नोकरीतील 4 टक्के आरक्षण ज्या प्रकारांना दिले आहे, त्यांची यादी छापली आहे, आणि त्या यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार नाहीत. आम्ही बी.ए. झालेलो, दिवसभर कागदांत वावरणारे. पण आम्ही बातमी वाचली होती, कलम वाचले नव्हते. भाचा आम्हाला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

त्या मुलीचे काम नेमके येथे सुरू होते. आधी कलम वाचायचे. मग या अडचणीत सापडलेले किती तरुण आहेत ते तालुक्यातालुक्यातून शोधायचे. मग कोणाचे दार ठोठवायचे ते ठरवायचे. एसटीच्या भाड्यातील सवलत राज्याच्या अखत्यारीत आहे. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या सालेकसा-देवरीच्या रुग्णाला जवळच्या केंद्रात मिळाव्यात की दरवेळी गोंदियाला यावे लागावे, हा आरोग्य खात्याचा प्रश्न. परंतु कलम 34 ची यादी केंद्राच्या कायद्यात आहे, ती संसदेतच बदलेल. चुकीच्या दारात निवेदन दिले तर पोचपावतीशिवाय हाती काही लागत नाही. आमच्या समाजाने अशा पोचपावत्या पुष्कळ जमविल्या आहेत.

एकेका शब्दाचेही महत्त्व असते. 1 जुलै 2023 रोजी शेजारच्या मध्य प्रदेशात शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाले. 40 वर्षांखालील 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट. अर्थसंकल्पात घोषणा झाली ती मात्र 'आदिवासी भागातील' लोकांच्या तपासणीची. आदिवासी बांधवांना ती मिळालीच पाहिजे, त्यांत दुमत नाही. पण मग अनुसूचित जातींच्या वस्त्या तपासणीच्या आराखड्यात आल्या की सुटल्या, हे प्रत्येक जिल्ह्यात कोणीतरी कागद काढून पाहिले पाहिजे. ते पाहणारा माणूस आपल्यातला असला तर त्याला वस्ती शोधत फिरावे लागणार नाही.

हे काम फळते का, असे मुलीच्या वडिलांनी आम्हाला विचारले. आम्ही त्यांना शेजारच्या गडचिरोलीचे उदाहरण दिले. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. बालमृत्यू किती घटले याचे आकडे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. केंद्र सरकारने आशांमार्फत तीच पद्धत देशभर लागू केली 2011 मध्ये. मधली बारा वर्षे आकडे मांडण्यात आणि ते पुन्हा पुन्हा सांगण्यात गेली असतील. एवढा धीर ज्याच्याजवळ नाही, त्याने या वाटेस जाऊ नये.

पैशांविषयी आम्ही बँकेतले लोक स्पष्ट बोलतो. ही नोकरी प्रकल्पावर चालते. देणगीदाराचा निधी संपला की करार संपतो. नेमणूकपत्र लेखी मागावे, भविष्यनिर्वाह निधी कापतात का ते विचारावे, प्रवासखर्च कोण देणार हेही आधीच विचारावे. विचारण्यात लाज नाही. मराठीत शुद्ध लिहिता यावे, इंग्रजी कागद समजावा, संगणकावर तक्ता करता यावा, एवढी तयारी आपल्या पदवीधरांची सहज होऊ शकते. पुढे शिकायचे तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

मुलाखतीला जाण्याआधी मुलगी पुन्हा आली होती. नमुन्यादाखल एक पानाचे टिपण लिहून आणायला संस्थेने सांगितले होते. विषय तिने स्वतःच निवडला, कलम 34. आमच्या भाच्याला तिने समोर बसवून तासभर प्रश्न विचारले, आणि अर्जाच्या त्या रकान्याची छायाप्रत मागून घेतली. ती त्याने अजून जपून ठेवली होती.