पुस्तकातली हंपी आणि पायाखालची हंपी

सुट्टीत घरच्यांना घेऊन हंपीला जायचं ठरवलंय? मग एव्हाना कुणीतरी कपाटातून प्रवास-मार्गदर्शक पुस्तक काढलंच असेल. आमच्याकडेही निघालं. सासऱ्यांनी वीसेक वर्षांपूर्वी घेतलेलं, कडेला पेन्सिलीच्या खुणा असलेलं. ते आता नाहीत, म्हणून त्यांच्या खुणांप्रमाणेच फिरायचं, असं आमच्या ह्यांनी ठरवून टाकलं.

पहिली खूण नाश्त्याची होती. विरूपाक्ष मंदिरासमोरच्या जुन्या दगडी मंडपांत खानावळी आहेत, असं पुस्तक म्हणत होतं. तुम्हीही तसं वाचलं असेल तर वाटेतच काहीतरी खाऊन घ्या. त्या मंडपांतली दुकानं आणि घरं २०११ मध्ये हटवली गेली. नदीपलीकडे विरूपापूर गड्डीत उतरा, असा सल्ला असेल तर तोही सोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२० मध्ये तिथली रिसॉर्टं पाडली. दगडांची माहिती वीस वर्षांत शिळी होत नाही, इडलीची होते! खाणं, राहणं, तिकीट, वेळा हे सगळं आदल्या रात्री लॉजवाल्याला नाहीतर रिक्षावाल्याला विचारा.

विजयनगरची स्थापना १३३६ ची, तालिकोटची लढाई आणि राजधानीची धूळधाण १५६५ ची. हा भाग मुलांना आगगाडीतच वाचून दाखवा. होसपेटला उतरल्यावर हंपी तेरा किलोमीटर राहते, आणि तिथे पोचल्यावर भर उन्हात कुणी इतिहास ऐकत नाही.

आमची खरी फजिती झाली ती अंतरात. बाजारापासून नदीकाठाने विठ्ठल मंदिर, पायी अर्धा तास, असं छापलेलं. लिहिणारा एकटा आणि तरुण असावा. आमच्याबरोबर सत्तरीच्या सासूबाई होत्या. डिसेंबर असूनही अकरा वाजता खडक तापले होते. तासाभराने त्या एका मंडपात टेकल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी इथेच बसते." अख्ख्या सहलीत त्यांना एकच गोष्ट बघायची होती, ते विठ्ठलाचं देऊळ. हे मात्र पान उलटत म्हणाले, "आज अजून तीन ठिकाणं आहेत." मी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं आणि पिशवीत टाकलं. भांडण झालं, लपवत नाही. पण आम्ही सगळेच परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूने गेलो. त्या रस्त्याने रिक्षा वाहनतळापर्यंत जाते आणि तिथून सुमारे एक किलोमीटर बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या थेट देवळापाशी नेतात. घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर तुम्ही हाच रस्ता धरा.

तिथे जाताना पन्नासची नवी नोट खिशात असू द्या, तिच्यावरचा दगडी रथ समोर उभा असतो. १८५६ च्या सुमाराच्या छायाचित्रात त्यावर विटांचं शिखरही दिसतं, जे आज नाही. खांब वाजवून बघा, असं जुनं पुस्तक सांगेल, पण आता त्यांना हात लावायला सक्त मनाई आहे.

गाभाऱ्याबद्दल पुस्तकात एकच वाक्य होतं: आत मूर्ती नाही. सासूबाईंना ते वाचायची गरज नव्हती. विजयनगरच्या राजाने पंढरपूरचा विठोबा इथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, ही वारकरी परंपरेतली कथा त्यांनी त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर उभं राहून नातवंडांना सांगितली. शेजारचं एक कानडी कुटुंबही थांबून ऐकत होतं. किती कळलं कोण जाणे! रात्री मी ते पान उघडलं. त्या वाक्याशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हिला आणायचं.' मी पुस्तक मुकाट्याने सासूबाईंपुढे ठेवलं.

आणि एक. विरूपाक्ष मंदिरात मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे. छोट्या भोकातून येणाऱ्या उजेडामुळे समोरच्या उंच गोपुराची उलटी सावली तिथल्या भिंतीवर पडते. आमच्या पुस्तकात त्यावर जेमतेम दीड ओळ होती. तुम्ही मात्र तिथे वेळ काढून ठेवा. आमची धाकटी भिंतीसमोर ओणवी होऊन, दोन पायांमधून ते गोपूर सुलटं करून बघत बसली होती. तिला तिथून हलवायला अर्धा तास लागला.