शिकावयास गेलेल्या मुलांच्या मनाची निगा

मुचकुंदी नदी जेथें समुद्रास मिळते, त्या पूर्णगडच्या परिसरांत हापूस कलमांच्या बागा राखणाऱ्या वाचकांस मोहोराची निगा कशी राखावी हें सांगावयास नको. तुडतुडा दिसला कीं बागाईतदारास चार रात्रीं झोंप येत नाहीं. परंतु त्याच घरांतून रत्नागिरी, दापोली, पुणें वा मुंबई येथील कॉलेजांत गेलेल्या मुलाची विचारपूस मात्र "पैसे पोहोंचले काय?" व "परीक्षा कधीं?" एवढ्या दोन प्रश्नांत आटोपते. हा विषय शेतकीच्या मासिकांत कशास, असें कोणी विचारील; त्याचें उत्तर पुढील आंकड्यांत आहे.

राष्ट्रीय गुन्हेनोंद कार्यालयाच्या २०२२ सालच्या अहवालांत शेतकरी व शेतमजूर मिळून ११,२९० जणांनीं आत्मघात केल्याची नोंद आहे. त्याबद्दल सर्वत्र हळहळ होते, व ती रास्तच होय. पण त्याच अहवालांत विद्यार्थ्यांची संख्या १३,०४४ आहे. त्यांपैकीं १,७६४ एकट्या महाराष्ट्रांतील असून इतका मोठा आंकडा दुसऱ्या कोणत्याहि राज्याचा नाहीं.

परीक्षेंतील अपयश हेंच याचें कारण, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. एकटेपणा, कर्ज, सोबत्यांकडून होणारा छळ, अंगीं मुरलेला उदासपणाचा विकार, अशीं अनेक कारणें एकत्र येतात. खेड्यांतील मुलास तर आणखी एक ओझें असतें: आपल्यासाठीं बापानें कलमें गहाण टाकलीं हें तो जाणून असतो, आणि म्हणूनच घरीं कांहीं बोलत नाहीं. मूल अबोल झालें, झोंप व जेवण तुटलें, आवडत्या वस्तू तें वाटून टाकूं लागलें, "मी तुम्हांस भार झालों" असें म्हणूं लागलें, तर तें लहर म्हणून सोडूं नये. अशा वेळीं "जीव नकोसा वाटतो काय?" असें सरळ विचारावें. विचारल्यानें नसता विचार डोक्यांत शिरतो ही भीति निराधार आहे; उलट, विचारणारा भेटला म्हणजे मुलाचें ओझें हलकें होतें. मग उपदेश न करतां ऐकून घ्यावें, आणि त्यास एकटें ठेवूं नये.

दुसरी गोष्ट निव्वळ आपल्या धंद्यांतील आहे. सुटींत मूल घरीं येतें, आणि आंब्याच्या फवारणीचीं औषधें पडवींत पडलेलीं असतात. मरणाची ऊर्मि पुष्कळदां थोडाच वेळ टिकते, व ती वेळ टळली तर बहुतेक माणसें पुढें जगतात. श्रीलंकेनें १९९५ सालापासून अति जहाल औषधांवर टप्प्याटप्प्यानें बंदी घातली, व पुढील वीस वर्षांत तेथील आत्मघातांचें प्रमाण सुमारें सत्तर टक्क्यांनीं उतरलें. त्याच देशांत सुमारें १८० खेडीं निवडून त्यांपैकीं निम्म्या खेड्यांत औषधांसाठीं कुलपाच्या पेट्या वांटून पाहिल्या. त्यांचा गुण मात्र आढळला नाहीं, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां कुलपावर विसंबूं नये. लागेल तेवढेंच औषध आणावें, जहाल जातीचें टाळावें, आणि उरलेलें राहत्या घरांत ठेवूंच नये, हें आमचें स्पष्ट मत आहे.

कायद्याची भीति आतां बाळगण्याचें कारण नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें आत्मघाताचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयानेंहि २५ जुलै २०२५ रोजीं असें फर्माविलें कीं, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनें निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. मुलाचें नांव घालतांना आपण खाणावळीची चौकशी करतों. त्याच वेळीं हा समुपदेशक कोण व तो केव्हां भेटतो, हेंहि विचारावें. नुसता पाटीवर असलेला माणूस कामाचा नाहीं.

रत्नागिरीचें मनोरुग्णालय १८८६ पासूनचें आहे. त्याचें नांव आपल्याकडे थट्टेंतच फार निघतें, आणि त्या थट्टेपायीं कित्येक घरें तेथील पायरी चढण्यास लाजतात. तापासाठीं डॉक्टरांकडे जातांना कोणी लाजत नाहीं. जाणें तूर्त शक्य नसेल तर १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेली सरकारी टेलिमानस सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य व मराठींतूनहि बोलतां येतें. हा क्रमांक मुलाच्या वहींत लिहून द्यावा, व आपल्याहि भिंतीवर टांगावा. मोहोर गळाल्याच्या वर्षीं तो थोरांसहि लागतो.